ऑर्गनवरची अनोळखी धून शोधायची तर आधी ऑर्गन विसरा

ऑर्गनवर वाजवलेल्या एका धुनेचं नाव तुम्ही विचारलंय. रेडिओवरून कॅसेटवर उतरवलेली उडती धून, निवेदन कापलं गेलेलं, झायलोफोन चालीबरोबर पळतोय, मध्येच एक संथ तुकडा आणि पुन्हा धावपळ, असं तुमचं वर्णन आहे. गाणं ऐकवून ओळखणाऱ्या शझाम ॲपने हात टेकले आणि ‘लाइट ऑर्गन म्युझिक’ शोधून ढीगभर व्हिडिओ ऐकले तरी काही हाती लागलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मते शोधाची दिशाच बदलायला हवी. थिएटर ऑर्गनवर (जुन्या सिनेमागृहांतला मोठा पाइप ऑर्गन) किंवा हॅमंडवर (विजेवर चालणारा ऑर्गन) वाजणारं हलकंफुलकं संगीत बहुतेक वेळा ऑर्गनसाठी लिहिलेलं नसतंच. मुळात ते गाणं असतं, पियानोची रचना असते, नाहीतर छोट्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं काही. ऑर्गनच्या नावाने शोधलंत तर वादक सापडतील, चाल सापडणार नाही.

शझाम चाल ओळखत नाही, ध्वनिमुद्रण ओळखतं. नेमकं तुमचंच रेकॉर्डिंग त्याच्या साठ्यात नसेल, तर तीच चाल आणखी दहा जणांनी वाजवलेली असूनही उपयोग नाही. त्यात जुनी कॅसेट थोडी वेगात फिरत असेल तर काम आणखी अवघड. गूगलने २०२० मध्ये आणलेली गुणगुणून शोधायची सोय चालीवर चालते, म्हणून ती इथे जास्त कामाची. पण तिला कॅसेट ऐकवू नका, स्वतः गुणगुणा. थिएटर ऑर्गनवर एकच चाल एकाच वेळी दोन-तीन सप्तकांत वाजत असते आणि ट्रेम्युलंट नावाची यंत्रणा पाइपांतल्या वाऱ्याच्या दाबात हेलकावे आणते, त्यामुळे एकही सूर जागेवर स्थिर राहत नाही. त्या गर्दीतून चाल वेगळी काढायला तुमचा कानच हवा.

ती काढायची कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण इथेच अडतात. सुरुवातीचे काही सेकंद सरळ सोडून द्या. प्रस्तावना बहुधा वादकाची स्वतःची असते, मूळ रचनेत ती नसतेच. जो भाग सगळ्यात जास्त वेळा परत येतो तो धरा आणि त्याची पहिलीच फेरी घ्या, पुढच्या फेऱ्यांत सजावट वाढत जाते. शेवटच्या फेरीआधी पट्टी अर्ध्या सुराने चढवायची या वादकांची आवडती सवय, तिने गोंधळू नका. उजव्या हातात भरगच्च कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) असतील तर चाल सहसा सर्वांत वरच्या सुरात असते. पण वर नुसती नक्षी ऐकू आली तर मधल्या सप्तकात कान लावा. चार बोटं वरच्या कीबोर्डवर आणि अंगठा खालच्या कीबोर्डवर ठेवून अंगठ्याने चाल वाजवायची जुनी करामत आहे.

चाल सापडली की सरगममध्ये लिहा. ‘ट्विंकल ट्विंकल’ घ्या: सा सा प प ध ध प. एवढंही जमत नसेल तर प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तसाच राहिला, इतकंच टिपा: तसाच, वर, तसाच, वर, तसाच, खाली. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली याच युक्तीवर सुरावटींचा कोश काढला आणि चाली शोधायच्या म्युझिपीडिया या संकेतस्थळावरचा एक शोधही याच पद्धतीने चालतो. सुरुवातीचे पंधरा-सोळा सूर पुरतात. यात पट्टी किंवा लय चुकली तरी बिघडत नाही, कॅसेटचा वेगही आड येत नाही.

वाद्य ओळखल्याने चाल कळत नाही, पण काळ आणि देश यांचा अंदाज येतो. हॅमंड १९३५ मध्ये बाजारात आला. सूर उमटताना बारीक ‘टक्’ आणि लेस्ली या फिरत्या स्पीकरची गरगर ऐकू आली तर तोच. खरा झायलोफोन, झांजा, ड्रम आणि मोठ्या सभागृहाचा घुमारा असेल तर थिएटर ऑर्गन. अमेरिकेत तो बहुधा वुर्लिट्झर कंपनीचा, ब्रिटनमध्ये वुर्लिट्झर किंवा कॉम्प्टनचा. नाचाला धरून चालणारा पक्का ठेका आणि उसळता बास ऐकू आला तर इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूम या नाचघराची आठवण होणारच. रेजिनाल्ड डिक्सन यांनी तिथे १९३० ते १९७० वाजवलं आणि त्यांच्या शैलीची नक्कल असंख्य जणांनी केली. म्हणून शैलीवरून वादकाचं नाव ठामपणे सांगायला मी कचरतो.

तुमच्या वर्णनावरून मी आधी १९१५ ते १९३० मधल्या ‘नॉव्हेल्टी पियानो’ रचना ऐकेन. धावती बोटं, मध्ये संथ तुकडा, पुन्हा पळापळ, हा त्यांचा नेहमीचा साचा, आणि ऑर्गनवाल्यांना त्या फार प्रिय. फेलिक्स आर्न्ट यांचं ‘नोला’, झेझ कॉन्फ्री यांची ‘किटन ऑन द कीज’ आणि ‘डिझी फिंगर्स’, बिली मेयर्ल यांचं ‘मॅरिगोल्ड’ एवढी चार पियानोवरच ऐका. ऑर्गनवर नको, मूळ वाद्यावर चाल स्वच्छ दिसते. तिथे जुळलं नाही तर ब्रिटिश लाइट म्युझिककडे, म्हणजे छोट्या ऑर्केस्ट्राच्या हलक्याफुलक्या रचनांकडे वळा. त्यातलं बरंच दुकानात विकायला कधी आलंच नाही, रेडिओ आणि चित्रपटवाल्यांसाठीच्या संगीत-लायब्ररीत होतं. एडवर्ड व्हाइट यांचं ‘पफिन बिली’ तसंच, बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमाने ते घरोघरी पोचलं. लोकांना अशी धून ओळखीची वाटते आणि नाव मात्र माहीत नसतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

ऑर्गनच्या वाटेने शोधू नका म्हटलं, त्याला अपवाद एकच, वादकाची स्वतःची रचना. सिडनी टॉर्च सिनेमागृहांत ऑर्गन वाजवायचे आणि महायुद्धानंतर लाइट ऑर्केस्ट्राचे संगीतकार-संचालक झाले. अशांच्या बाबतीत वादकाच्या नावाने शोधणं योग्य.

कॅसेट बीबीसी रेडिओ टू वरून उतरवलेली असेल तर ‘द ऑर्गनिस्ट एंटरटेन्स’ची शक्यता मोठी, तो कार्यक्रम १९६९ ते २०१८ चालला. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातले १९२३ ते २००९ चे कार्यक्रम-तपशील बीबीसी जीनोम या संकेतस्थळावर शोधता येतात. तारीख माहीत असेल तर त्या दिवशीचं पान काढा, निदान वादक कळेल.

कॅसेटच्या कव्हरवर किंवा त्याच बाजूला पुढे-मागे तारखेचा काही धागा आहे का, बातम्या किंवा दुसरा कार्यक्रम, ते बघा. आणि मुख्य चाल जिथे सुरू होते तिथपासूनचा वीस सेकंदांचा तुकडा टाका, सोबत तुम्ही काढलेली सरगम. चुकली असली तरी चालेल, दोन्ही ताडून बघतो.