शस्त्रक्रियेविषयी घरी सांगावे का?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची असून कोथरूडला सासू-सासऱ्यांसोबत राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. मधुमेह आणि वाढलेले वजन यांमुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढील महिन्यात माझी स्लीव्ह (वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची) शस्त्रक्रिया ठरली आहे. हे फक्त माझ्या पतीला ठाऊक आहे. घरी हर्नियाचे ऑपरेशन असल्याचे सांगावे, असे त्यांचे म्हणणे आहे. कळले तर नातेवाईक आणि ऑफिसातले लोक ‘हिने शॉर्टकट मारला’ असे म्हणतील, याची मला धास्ती वाटते. आम्हाला अजून मूल नाही. मी काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या उपचारांविषयी कोणाला सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे तुमचा आहे आणि गप्प राहण्यात काहीही गैर नाही. तरीही हर्नियाचे निमित्त पुढे करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. त्यानंतर काही आठवडे आधी पातळ, मग मऊ आहार असतो, आणि पुढेही अर्ध्या वाटीत पोट भरते, जेवताना पाणी पिता येत नाही, घाईने खाल्ले तर उलटी होते. हर्नियाच्या पेशंटला मात्र ‘अंगात ताकद यायला हवी’ म्हणून सासूबाई प्रेमाने तुपातला शिरा करतील, डिंकाचे लाडू वळतील आणि तुम्ही ते बाजूला सारलेत की दुखावतील किंवा घाबरून जातील. एका छताखाली, एकाच स्वयंपाकघरात हे महिनोन्‌महिने झाकून राहणार नाही. तेव्हा सासू-सासऱ्यांना आधीच सांगावे, आणि ते तुमच्या पतीने सांगावे. आई त्यांची आहे. शक्य असल्यास डॉक्टरांच्या एका भेटीला सासूबाईंना सोबत न्या.

यापुढे ज्या कोणत्या डॉक्टरांकडे जाल, त्यांना ही शस्त्रक्रिया सांगायलाच हवी, कारण काही वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात आणि बी १२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या व रक्ततपासण्या कायमच्या मागे लागतात. ऑफिसात शस्त्रक्रियेसाठी रजा हवी, एवढे पुरे. मात्र खर्च कंपनीच्या विम्यातून होणार असेल, तर कागदपत्रे कोणाच्या हातून जातात, हे आधी विचारून घ्या.

शॉर्टकटविषयी म्हणाल, तर या शस्त्रक्रियेने भूक वाढवणारे संप्रेरकही कमी होते. म्हणजे आजवर जिद्द कमी पडली म्हणून तुमचे वजन उतरत नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सहा महिन्यांनी एखाद्या हळदीकुंकवाला तुमचीच एखादी स्थूल मावसबहीण बाजूला घेऊन विचारेल, ‘काय केलंस गं?’ त्या क्षणी ‘रोज कोमट पाण्यात लिंबू-मध घेते आणि चालते’ असे उत्तर देऊ नका. ती बिचारी घरी जाऊन तेच करील, वजन हलणार नाही, आणि दोष स्वतःला देईल. ‘डॉक्टरांचे उपचार चालू आहेत’ हे उत्तर खरे आहे आणि पुरेसेही आहे. तिच्यावर विश्वास असेल तर सगळे सांगा. तिलाही एखाद्या डॉक्टरांना भेटण्याचे धैर्य येईल. बाकीच्यांचे कुतूहल शमवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

आणखी एक. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, शिवाय वजन उतरू लागले की दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून गर्भनिरोधनाविषयी डॉक्टरांशी आधीच बोला. याच काळात प्रत्येक कार्यात ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न येत राहील. सासूबाईंना कारण ठाऊक असेल, तर त्याला तोंड देण्याची वेळ तुमच्या एकटीवर येणार नाही.