‘द काइट रनर’ ही मैत्रीची कादंबरी आहे की बाप-लेकाची?

तुम्ही विचारलंय की खालिद हुसैनींची ही कादंबरी अमीर आणि हसन या दोन मित्रांची गोष्ट म्हणून वाचायची की बाप-लेकाची, आणि अफगाणिस्तानचा इतिहास माहीत नसेल तर ती कळेल का. उत्तर देताना सगळं रहस्य फुटणार आहे. पुस्तक वाचायचं बाकी असेल तर आधी ते संपवून या.

माझ्या मते मुखपृष्ठावर पतंग असला तरी ही बापाची गोष्ट आहे. एका बापाला दोन मुलगे. एकाला तो मुलगा म्हणू शकतो, दुसऱ्याला नाही. बाकी सगळं, अगदी ती मैत्रीसुद्धा, त्यातून निघतं.

त्या बापाचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही, तो नुसता ‘बाबा’. मराठी वाचकाला हे फारच जवळचं वाटतं, शब्द आपलाच. बाबा म्हणजे काबूलच्या वझीर अकबर खान भागातला बडा आसामी, पठाण, अंगापिंडाने दणकट. अस्वलाशी कुस्ती केल्याची आख्यायिका त्यांच्या नावावर, पदरच्या पैशाने अनाथाश्रम बांधलेला. आणि मुलगा अमीर पुस्तकांत डोकं खुपसून बसणारा, त्याला गाडीत बसलं की उलटी होते. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली. अमीर आयुष्यातली पहिली गोष्ट लिहितो आणि दाखवायला नेतो, तर ती वाचतो बाबांचा मित्र रहीम खान. बाबा वाचत नाहीत. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पतंगाचा भाग मला जरा जास्तच भिडला, कारण मी येवल्याचा. संक्रांतीला आमच्याकडे आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, घेऊन सगळं गाव गच्चीवर असतं. काबूलमध्ये हा खेळ थंडीतला, बर्फ पडल्यावर शाळा बंद असतात तेव्हाचा. काच लावलेला मांजा, एक जण उडवणार, दुसरा मागे फिरकी धरणार. काटलेला पतंग ज्याच्या हाती लागेल त्याचा, हा कायदा दोन्हीकडे सारखाच. पण आमच्याकडे काटलेल्या पतंगामागे पोरं काटेरी फांदी बांधलेली काठी घेऊन धावतात, आणि हसन नुसता अंदाजाने जाऊन उभा राहतो नि पतंग त्याच्याकडे येतो. १९७५च्या हिवाळ्यात अमीर स्पर्धा जिंकतो. शेवटी काटलेला तो निळा पतंग बाबांच्या हातात द्यायचा, म्हणजे ते एकदाचे आपले होतील, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. पतंग आणायला धावतो हसन. गल्लीत हसनवर जो अत्याचार होतो तो अमीर कोपऱ्याआडून बघतो आणि पळ काढतो. लोक त्याला भित्रा म्हणतात. तो स्वतः मात्र मनातल्या मनात याहून वाईट कबुली देतो: बाबा मिळवायचे तर काहीतरी किंमत द्यावी लागणार होती, ती हसन होता. मित्राचा बळी गेला तो बापापायी. म्हणूनच मैत्री की बाप-लेक हा प्रश्न मला मुळात तसा पडत नाही.

आता इतिहासाचं. आपल्याला अफगाण म्हटलं की आठवतो अब्दाली आणि १७६१चं पानिपत, त्यापुढे थेट तालिबान. मधलं सगळं कोरं. या कादंबरीसाठी नेमकं ते मधलंच लागतं, पण थोडं पुरतं. झाहीर शाह १९३३ला गादीवर आला, आणि बाबांचा जन्मही १९३३चाच. १७ जुलै १९७३ला राजा इटलीत असताना त्याचाच चुलतभाऊ आणि मेहुणा दाऊद खान याने सत्ता घेतली. एप्रिल १९७८ला कम्युनिस्टांनी दाऊदला कुटुंबासकट मारलं. डिसेंबर १९७९ला रशियन फौजा आल्या. १९९६ला काबूल तालिबानकडे गेलं.

लेखकाची कमाल अशी, की यातली प्रत्येक तारीख तो घरात आणून ठेवतो. दाऊदच्या बंडाची रात्र बघा. बाहेर गोळीबार, घरात अमीर, हसन आणि हसन ज्याला बाप समजतो तो घरचा नोकर अली एकमेकांना बिलगून बसलेले, बाबा बाहेरगावी. पहाटे बाबा घाबरेघुबरे धावत येतात आणि हात पसरतात. दोन्ही पोरांना मिठीत घेतात. अमीरला क्षणभर वाटतं, जे काही झालं ते बरंच झालं. देशाची राजेशाही संपली त्या रात्री या पोराला बापाची मिठी मिळाली! आणि पहिल्या वाचनात आपल्या लक्षातही येत नाही, की त्या मिठीत दोघेही त्यांचेच मुलगे होते.

हसन हजारा. हे मात्र माहीत असायलाच हवं, नाहीतर अर्धी कादंबरी हातातून निसटते. हजारा म्हणजे मध्य अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागातले लोक, बहुतेक शिया, चेहऱ्याने मंगोल वळणाचे. १८९०च्या दशकात तेव्हाचा राजा अब्दुर रहमान याने त्यांचं बंड असं चिरडलं की जमिनी गेल्या, हजारो माणसं गुलाम म्हणून विकली गेली. त्यानंतर काबूलमध्ये हजारा म्हणजे हमाल, नोकर, घरगडी. ऑगस्ट १९९८मध्ये तालिबानने मझार-ए-शरीफमध्ये त्यांची कत्तल केली. आपल्याकडच्या वाड्याच्या मागच्या अंगाला जी खोली असायची आणि त्यात राहणाऱ्याचं पोर वाड्यातल्या पोराबरोबर खेळायचं पण जेवायला मागेच जायचं, ते डोळ्यांपुढे आणलं तर नातं कळेल. तुलना तंतोतंत नाही, पण अंदाज येतो.

बाबा मुलाला शिकवतात की जगात पाप एकच, चोरी. बाकीची पापं म्हणजे चोरीचेच प्रकार. खोटं बोललात म्हणजे समोरच्याचा खरं जाणून घ्यायचा हक्क चोरलात. हेच बाबा हसनच्या वाढदिवसाला त्याचा फाटलेला ओठ शिवून घ्यायला कुमार नावाचे हिंदुस्थानी डॉक्टर बोलावतात. अमीर जळतो. अमीर पुढे हसनच्या गादीखाली घड्याळ आणि पैसे लपवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो, हसन मुकाट कबूल करतो, आणि चोरीला क्षमा नाही म्हणणारे बाबा तिथल्या तिथे क्षमा करतात. तेव्हा आपण चक्रावतो. उलगडा कितीतरी वर्षांनी होतो: हसनचा हक्क बाबांनीच चोरलेला असतो.

पण माझ्या दृष्टीने कादंबरीचा गाभा काबूलमध्ये नाही, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आहे. मार्च १९८१मध्ये बाप-लेक ट्रकमधून पळतात. नाक्यावर एक रशियन शिपाई ट्रकमधल्या एका बाईची मागणी करतो, तेव्हा बाबा उठून उभे राहतात आणि अमीर त्यांची बाही धरून खाली ओढू लागतो. पेशावरला पोचायच्या आधी पहाटे बाबा तपकिरीची डबी रिकामी करतात, रस्त्यातली चिमूटभर माती उचलतात, तिचं चुंबन घेऊन डबीत भरतात आणि डबी छातीशी खिशात ठेवतात. फ्रीमाँटला हा माणूस पेट्रोल पंपावर काम करतो, नखांत काळं ग्रीस. सरकारी मदतीची अन्नकुपनं परत करतो. दर रविवारी सॅन होजेच्या जुन्या बाजारात वापरलेल्या वस्तू विकतो, तिथे आजूबाजूच्या पथारीवर माजी राजदूत, शल्यचिकित्सक, प्राध्यापक! शेजारी जनरल ताहेरी, जे सरकारी मदतीवर जगतात पण करडा सूट घालून मायदेशाच्या बोलावण्याची वाट बघतात.

किराणा दुकानातला प्रसंग मी कितीदा वाचला असेन. बाबा संत्र्यांसाठी चेक देतात, दुकानदार ओळखपत्र मागतो, बाबा भडकून मासिकांचा रॅक उलथून टाकतात. अमीर मनाशी काबूल आठवतो: तिथे नानवाल्याकडे लाकडाची काठी घेऊन जायचं, तो प्रत्येक नानला सुरीने एक खाच पाडायचा, महिनाअखेर बाबा खाचा मोजून पैसे द्यायचे. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. आपल्याकडच्या उधारीच्या वहीचंच भावंड.

इथे जरा माझं सांगतो. मी नोकरीनिमित्त काही वर्षं फ्रीमाँटलाच होतो. आमचे आप्पा, येवला तालुक्यात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी आले होते. गावात ‘गुरुजी’ म्हटलं की दुकानदार पैसे नंतर द्या म्हणणार. इथे दूध आणायला गेले तर कार्ड नाही म्हणून परत आले, आणि मला काही बोलले नाहीत. बायकोला बोलले. दुपारी घरात एकटे, म्हणून मी त्यांना या कादंबरीचा मराठी अनुवाद वाचायला दिला. काठीवरच्या खाचांपाशी आले तेव्हा एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलं आणि म्हणाले, “इथे ते नान मिळतात का रे?”

मिळतात. फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल भागाला ‘लिटल काबूल’च म्हणतात. आम्ही चालत गेलो. काउंटरमागच्या म्हाताऱ्याने हातभर लांब नान तपकिरी कागदात गुंडाळून दिला. तो हिंदी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी बोलत होता, आप्पा शाळेतलं हिंदी. गाव विचारलं तर कंदहार. आप्पा माझ्याकडे वळून मराठीत, “अब्दालीच्या गावचा!” मग त्याने विचारलं, बेटा काय करतो? आणि आप्पांनी सुरुवात केली. मला दहावीत किती मार्क होते, कुठल्या कंपनीत आहे, हाताखाली किती माणसं. मी नानचा कागद धरून उभा. चाळिशीला आलो होतो, आणि बाप माझी तारीफ करतोय हे पहिल्यांदा ऐकत होतो, तेही परक्या भाषेत परक्या माणसापाशी.

कादंबरीत अगदी हेच आहे. बाजारात बाबा जनरल ताहेरींना सांगतात की अमीर मोठा लेखक होणार, आणि अमीर चमकून बघतो. काबूलमध्ये हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नसतं. तिथे बाबा एवढे मोठे होते की मुलाला त्यांच्या सावलीबाहेर जागा नव्हती. देश गेला, पैसा गेला, नाव विचारणारं कुणी उरलं नाही, आणि मग दोघं एका उंचीवर आले. कॅन्सर झाल्यावर बाबा उपचार नाकारतात, पण मुलासाठी ताहेरींकडे सोरायाचा हात मागायला ऐटीत जातात. लग्नावर पस्तीस हजार डॉलर, म्हणजे जवळपास सगळी पुंजी उधळतात. शेवटच्या दिवसांत अमीर खोलीत येतो तर सोराया त्याची गोष्टींची वही गादीखाली सरकवते. बाबांनीच तिला वाचून दाखवायला सांगितलेलं असतं. ती वर सांगितलेली पहिली गोष्ट आठवा.

पण याच फ्रीमाँटमध्ये, अमीरचं हायस्कूल संपलं त्या रात्री, त्याला जुनी फोर्ड भेट दिल्यावर बाबा म्हणून जातात की आज हसन इथे असायला हवा होता. अमीरचा गळा दाटतो. वाचकाला ते अपराधीपणाचं टोचणं वाटतं. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा ऐकू येईल ते वेगळंच: एक बाप दुसऱ्या मुलाची आठवण काढतोय.

आणि स्थलांतराचा हिशेब मला इथे लागतो. देश सोडायला पैसा लागतो, ओळखी लागतात, कागदावर बापाचं नाव लागतं. अमीरला ते सगळं होतं म्हणून तो अमेरिकेला पोचला. हसन मागे राहिला. पुढे रहीम खान त्याला काबूलच्या त्याच घरात राखणीला आणतो, मोठ्या घरात राहा म्हणतो, तर हसन मागच्या झोपडीतच राहतो. तालिबानवाले येतात, हजाराचं हे घर असूच शकत नाही म्हणतात, आणि त्याला रस्त्यात गुडघ्यांवर बसवून गोळी घालतात. घर त्याच्या बापाचं होतं. हे त्या तालिबान्यांना माहीत नव्हतं आणि हसनलाही नव्हतं.

हसनची आवडती गोष्ट ‘शाहनामा’तली रुस्तुम-सोहराबची, बाप न ओळखता मुलाला मारतो ती. त्याने स्वतःच्या मुलाचं नाव सोहराब ठेवलं. यावर जास्त बोलत नाही, वाचताना लागतंच.

दोष नाहीत का? आहेत. शेवटचा तिसरा हिस्सा योगायोगांनी ठासून भरलाय. लहानपणीचा गुंड असेफच नेमका तालिबानी म्होरक्या निघणं, आणि हसनने लहानपणी धमकावलं होतं तसाच गलोलीने त्याचा डोळा फुटणं, हे थेट हिंदी सिनेमातलं. त्याहून मोठी तक्रार म्हणजे हसनला आपण आतून कधीच बघत नाही. तो फक्त सोसतो आणि माफ करतो. लेखक स्वतः १९७६पासून अफगाणिस्तानबाहेर, आधी पॅरिस, मग १९८०ला कॅलिफोर्निया. कदाचित म्हणूनच फ्रीमाँटची पानं जिवंत आहेत आणि तालिबानी काबूलची थोडी बेतलेली.

आप्पांनी पुस्तक पूर्ण केलं नाही. बाबांच्या दफनापर्यंत वाचलं आणि मिटलं. “बाप गेला, आता काय राहिलं त्यात?” म्हणाले. मी आग्रह केला नाही. त्यामुळे हसन कुणाचा, हे त्यांना कळलंच नाही. येवल्याला कुणी विचारलं तर अजून सांगतात, बाबा म्हणजे काय माणूस होता, आयुष्यात कधी कुणाशी खोटं बोलला नाही. मी शेजारी बसलेला असतो. काही बोलत नाही.