पाणक्याचं पत्र

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे चाळीस आलेख पोचले. दोन रात्री ते बघत बसलो. तू विचारतेस, "सर, निम्म्या माशांची रेघ सपाट आलीय, म्हणजे ते समुद्रातून नदीत आल्याची खूणच दिसत नाही. गाइड म्हणतात ते मासे वगळ आणि उरलेल्यांवर लिही. वगळू का?" हे मला विचारलंस त्या अर्थी उत्तर तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. मला दुसरंच विचारायचंय. पाणी कुठे आहे?

चाळीस पुलसा मासे (पुलसा म्हणजे गोदावरीत चढलेला आपला पाला, बंगाल्यांचा हिल्सा), प्रत्येकाच्या कानातला खडा, तो घासण्यात गेलेले तुझे तीन महिने, लेझरच्या यंत्रावर मिनतवारीने मिळवलेले चार दिवस. आणि अकरा पानांच्या पत्रात गोदावरीच्या पाण्याची एक बाटली नाही. खड्यावर थर चढत जातात आणि प्रत्येक थरात त्या वेळच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम अडकतं. मासा कुठल्या पाण्यात होता हे त्यावरून सांगायचं, तर ते पाणी आधी आपल्याकडे नको? घराघरांतल्या बोटांचे ठसे घेतलेच नाहीत आणि चोरीच्या ठशावरून चोर शोधायला निघालो, तसं झालं हे.

रागावू नकोस. हीच चूक मी केली आहे आणि तुझ्यापेक्षा मोठी केली आहे.

त्या वेळी मी तिशीत होतो. राजमहेंद्रीला ऑगस्टमध्ये आठ दिवस राहिलो. धवळेश्वरच्या धरणाखाली लाल गढूळ पूर, त्यात नावा, आणि पुलशासाठी काठावर भांडणारी माणसं. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, असं तिकडे म्हणतात. मी मासा विकतही घेतला नाही, कोळ्यांकडून फक्त डोकी मागून घेतली. ते हसले, पण दिली. लॉजच्या मोरीत बसून डोकं उभं चिरायचं, मेंदूच्या तळाशी चिमटा घालायचा, आणि तांदळाच्या कणीएवढा पातळ पांढरा खडा अलगद उचलायचा. आपल्या ढोम्याच्या डोक्यातले खडे पोरं खेळायला घेतात, इतके जाड असतात. पाल्याचा खडा मात्र श्वासाने उडतो. दोन तसे उडालेही. थर्मासभर बर्फ आणि छोट्या कुप्या घेऊन आगगाडीने परत आलो. मागे नदी वाहत होती आणि तिच्यातलं अर्धा लिटर पाणी भरून घ्यावं हे मला सुचलं नाही.

परतल्यावर एका जुन्या अहवालातला पाण्याचा आकडा घेतला. तो जानेवारीचा होता. मासे ऑगस्टचे. त्या आकड्याच्या जोरावर एका परिषदेत उभा राहून छातीठोकपणे सांगितलं की हे मासे याच नदीत जन्मले आणि इथेच परतले. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एवढंच विचारलं, "पाणी कधीचं?" मी काहीतरी उद्धट बोललो. पुढच्या पावसाळ्यात मुद्दाम जाऊन पाणी आणलं आणि मोजलं, तर आकडा जानेवारीच्या आसपासही नव्हता.

का नव्हता, ते तुला यायला हवं. रुबिडियम-87 फार सावकाश क्षय पावून स्ट्रॉन्शियम-87 होतो, म्हणून जुन्या ग्रॅनाइटी खडकात स्ट्रॉन्शियम-87 आणि 86 यांचं गुणोत्तर चढं असतं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टवर, जिथे ते गुणोत्तर सहसा उतरतं. पुढे प्राणहिता आणि इंद्रावती येतात. इंद्रावती बस्तरचा खडक धुऊन आणते, जो अब्जावधी वर्षांचा आहे. कुठे किती पाऊस पडला आणि कुठल्या धरणाने दारं उघडली, यावर धवळेश्वरला कोणाचं पाणी जास्त हे ठरतं. नदी एक, नाव एक, पण जानेवारीतली सही वेगळी आणि ऑगस्टमधली वेगळी. म्हणून पाणी आधी, मासा नंतर. आणि पाणी एकदा आणून भागत नाही.

आता तुझ्या सपाट रेघांकडे येतो. पत्र वाचून मला तीन शंका आल्या.

मासे तू राजमहेंद्रीच्या बाजारात घेतलेस. अगं, मोसमात तिथे ओडिशाकडचा पाला बर्फात येतो आणि पुलसा म्हणून विकला जातो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. विकणाऱ्याच्या शब्दावर प्रबंध उभा राहतो का? जाळं टाकताना नावेत बसायचं. उलटी झाली तर व्हायची.

दुसरं. समजा मासा खरोखर धरणाखालीच पकडला. अंडी घालायला चढणारा पाला फारसं खात नाही, वाढही थोडी. खड्यावर थर चढतो तो वाढीच्या हिशेबाने. तो नदीत येऊन दोन-तीन आठवडे झाले असतील, तर कडेला नदीचा थर केवढा चढणार? तुझ्या लेझरचा ठिपका पन्नास मायक्रॉनचा. त्या ठिपक्यात नदी आणि समुद्र एकत्र जळतात आणि यंत्र समुद्र सांगतं. नदी शोधायची तर खड्याच्या मध्यात शोध, जिथे पिल्लूपण आहे. पण मध्य शिल्लक आहे का? तुझ्या सातव्या आणि एकोणिसाव्या फोटोत मला केंद्रक दिसत नाही. घासताना पुढे गेलीस तू. तिथून लेझर कितीही फिरव.

तिसरी शंका सगळ्यात महत्त्वाची, कारण ती पुन्हा पाण्यावर येते. समुद्राचं गुणोत्तर जगभर 0.7092, आणि त्यात स्ट्रॉन्शियम लिटरला सुमारे 8 मिलिग्रॅम. नदीत साधारण 0.1-0.2 धर. दहा बादल्यांत दोनच समुद्राच्या ओत आणि हिशेब कर. नव्वद टक्क्यांहून जास्त स्ट्रॉन्शियम समुद्राचं निघतं. म्हणजे समुद्राच्या पाचव्या हिश्श्याएवढ्याच खारट खाडीतला मासा तुझ्या आलेखात भर समुद्रातला दिसतो. तुझे "न हललेले" मासे यानमच्या खाडीत आयुष्य काढलेले असू शकतात. ते वगळणार तू? खड्यातला बेरियमही मोजून बघ, खाडीत तो वेगळा वागतो. पण किती वेगळा, हे तिथलं पाणी मोजल्याशिवाय कळणार नाही. भांगाच्या लहान भरतीचं वेगळं, उधाणाच्या मोठ्या भरतीचं वेगळं.

अॅमेझॉनमधल्या दोरादो नावाच्या शिंगाळ्याच्या जातीतल्या माशाचं उदाहरण तू पत्रात दिलं आहेस. अँडीजच्या पायथ्यापासून समुद्रमुखापर्यंत आणि परत, 8,000 किलोमीटरहून जास्त. 2016 च्या त्या कामाने तू भारावली आहेस, मीही होतो. पण त्यांच्याकडे मदेइरा नदीच्या वरच्या फाट्यांचं पाणी तपासून ठेवलेलं होतं, हा भाग तू गाळलास. मासा कुठल्या फाट्याचा हे म्हणूनच सांगता आलं. चकचकीत ते सगळ्यांना दिसतं, बाटल्या कोणाला दिसत नाहीत.

त्या परिषदेनंतर छपाईला गेलेला माझा लेख मी मागे घेतला. वरिष्ठ बोलेनासे झाले, बढती पाच वर्षं लांबली. पुढे पाण्याशिवायच्या एकाही लेखावर मी नाव घालू दिलं नाही. सहकारी मला पाणक्या म्हणायचे, अजून म्हणतात. माझ्या नावावर चौदा लेख आहेत, माझ्याबरोबरच्यांच्या नावावर साठ-सत्तर. काही विद्यार्थी मला कंटाळून दुसऱ्यांकडे गेले, आणि त्यातल्या एका मुलाला मी विनाकारण फार बोललो. तेवढं मला आजही खातं. बाकी मी बरोबर होतो. हे मी स्वतःलाच समजावतोय असं तुला वाटेल. वाटू दे.

गंगेवर फराक्क्याला 1975 मध्ये बंधारा झाला, त्याआधी हिल्सा अलाहाबादच्याही वर जात असे, हे सगळे हळहळून सांगतात. गोदावरी तर 1852 मध्येच अडवली गेली. तिथला मासा धवळेश्वरच्या वर किती जात होता, याचा एकही खडा कोणी ठेवलेला नाही. आज ठेवायला तू आहेस, म्हणून एवढा जीव तोडून लिहितोय.

गाइडना सांग, चाळीसच्या चाळीस ठेवणार आणि एक वर्ष मागणार. नाही म्हणाले तर मला फोन लावून दे.

पार्सलने सध्या सहा महिन्यांपुरत्या चोवीस बाटल्या पाठवतोय, आम्लाने धुतलेल्या आहेत, तिथे उघडून हुंगत बसू नकोस. अंतर्वेदी, यानम, धवळेश्वरखाली आणि भद्राचलम. महिन्यातून एकदा, नाव मधोमध नेऊन. बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा विसळायची, गाळणीतून भरायची, मग नायट्रिक आम्लाचे थेंब. खारटपणा जागेवरच मोजायचा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी हे पेन्सिलने लिही, शाई ओली होऊन जाते. आणि बाटलीच्या अंगावर लिही, झाकणावर नको. झाकणांची अदलाबदल होते. माझी झाली होती.