नाव काढून माझा एमआरआय एआय कंपनीला दिला तर बिघडतं काय?

तुम्ही लिहिलंय की सेंटरने डोक्याच्या एमआरआयआधी एका फॉर्मवर सही घेतली, त्यात 'नाव काढून संशोधनासाठी वापरू' असं होतं. नाव काढल्यावर भीती कसली, हा तुमचा प्रश्न. मी टेक्निशियन आहे, रोज मशीनवर असतो, तिथून दिसतं ते सांगतो.

स्कॅनची फाईल डायकॉम प्रकारची, म्हणजे वैद्यकीय चित्रांसाठीच्या ठरलेल्या साच्यातली असते. तिच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबत जोडलेल्या माहितीच्या भागात, नाव, पेशंट आयडी, जन्मतारीख, सेंटर, पाठवणारे डॉक्टर, तारीख-वेळ असं सगळं बसलेलं असतं. नुसतं नाव पुसलं तर बाकीचं तसंच राहतं, आणि तालुक्याच्या गावी वय, तारीख नि डॉक्टर एवढ्यावरून माणूस सहज कळतो. सोनोग्राफीत तर नाव बऱ्याचदा चित्रावरच उमटलेलं असतं. हेडर साफ केलं तरी ते जात नाही, तो पट्टा वेगळा काळा करावा लागतो.

डोक्याच्या एमआरआयमध्ये त्याहून मोठी अडचण आहे: नाक, डोळे, गाल, सगळा चेहराच फाईलमध्ये असतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये 84 जणांच्या एमआरआयमधून चेहरे तयार केले आणि बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने फोटोंशी जुळवले. 70 जण बरोबर ओळखले गेले! म्हणून फाईल बाहेर देण्याआधी चेहऱ्याचा भागही काढायला हवा.

त्याच वर्षी ग्रीनबोन या जर्मन सायबर सुरक्षा कंपनीला जगभरात सुमारे 2.4 कोटी पेशंटच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सापडल्या. त्यात भारतातल्याही होत्या.

संशोधनाला माझा अजिबात विरोध नाही. छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय हेरणारी सॉफ्टवेअर्स कुणाच्या तरी एक्स-रेवरच शिकली, आणि जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे ती खरंच उपयोगी पडतात. मला खटकते ती सही घेण्याची पद्धत. पेशंट गाऊन घालून बसलाय, नातेवाईक काउंटरवर पैसे भरतोय, आणि तपासणीच्या कागदांतच हाही कागद सरकवला जातो. त्याला संमती म्हणायला माझं मन धजत नाही. तपासणीची सही वेगळी आणि डेटाची वेगळी हवी, आणि दुसरीला नाही म्हटलं तरी स्कॅन झाला पाहिजे.

सेंटरला लेखी विचारा: फाईल कुणाला दिली, हेडर नि चेहरा काढला का, कंपनी ती पुढे विकू शकते का. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहे. तुम्हाला नको असेल तर त्याच पत्रात तसं लिहा आणि पोच घ्या.