मंदी आली की छोट्या शहराच्या बाजारपेठेत नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की पेपरात मंदीचे आकडे येतात, पण आपल्यासारख्या गावात ती दिसते कशी आणि गाव तग कसं धरतं. देशाचं मी सांगू शकत नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, ट्रकच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) कास्टिंग, म्हणजे ओतीव नग येतात, आम्ही मशीनिंग करून परत पाठवतो. निव्वळ जॉबवर्क, म्हणजे माल त्यांचा, मजुरी आमची. २०१९ आणि २०२० ला आमच्या पट्ट्यात जे बघितलं ते लिहितो.

व्याख्येनं बघाल तर २०१९ ला मंदी नव्हतीच. लागोपाठ दोन तिमाही अर्थव्यवस्था आकसली की मंदी म्हणायची, असा संकेत आहे. तसं झालं २०२० मध्ये. त्या एप्रिल ते जूनचा जीडीपी पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरला होता. २०१९ ला वाढ सुरू होती, फक्त वेग कमी झाला होता. पण ही व्याख्या माझ्या मशीनला कोण सांगणार? ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होती. ट्रकचं दुखणं तर त्याच्याही आधीचं. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकची भारमर्यादा २०-२५ टक्क्यांनी वाढवली. आहे त्याच गाडीत जादा माल बसायला लागल्यावर नवी गाडी कोण घेतो? त्यात आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था अडचणीत आल्यावर फायनान्सवाल्यांनी हात आखडले, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम येणार म्हणून कंपन्या आधी जुना साठा संपवायच्या मागे लागल्या. थोडक्यात, हब नकोत.

आम्हाला हे कळतं शेड्यूलमधून. महिन्याच्या सुरुवातीला फौंड्रीचं शेड्यूल, म्हणजे त्या महिन्यात किती नग हवेत ते, व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. २,४०० नगांचं १,५०० झालं, गणपतीपर्यंत ९००. पहिला बळी गेला ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा. तीन शिफ्टच्या दोन, दोनाची एक. माणूस काढला नव्हता, तरी सोळा हजार नेणारा ऑपरेटर अकरा हजारांवर आला. गंमत म्हणजे अशा वेळी सरकारी हिशोबात त्याची नोकरी शाबूत असते. गेटसमोरची चहाची टपरी मात्र रात्री दहाऐवजी साडेसहालाच बंद व्हायला लागली, कारण दुसऱ्या शिफ्टला गिऱ्हाईकच नाही. वीजबिलाचं तर विचारू नका. मशीन झाकून ठेवलं तरी डिमांड चार्ज, म्हणजे वीजजोडाचा ठरावीक आकार, सुटत नाही.

दुसरी गोष्ट उधारी. कंपनी फौंड्रीला थकवते, फौंड्री मला, मी टूलवाल्याला, टूलवाला आणखी कुणाला तरी. साठ दिवसांचं पेमेंट एकशेवीसवर गेलं. २००६ चा कायदा सांगतो की छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज लावा. तक्रारीसाठी तेव्हा समाधान नावाचं सरकारी पोर्टलही होतं. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करून पुढच्या महिन्याचं शेड्यूल कुठून आणायचं? सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर २२ टक्क्यांवर आणला तेव्हा टीव्हीवर दिवाळी होती. माझी फर्म प्रोप्रायटरी, मला त्याचा एक रुपया उपयोग नव्हता. आणि नफाच नसताना कर तरी कशावर भरणार?

मंदीचं माप म्हणून माझा विश्वास आमच्या भिशीवर आहे. वीस जण, महिन्याला पाच हजार, लाखाची लिलाव भिशी. सगळे वसाहतीतलेच: वर्कशॉपवाले, टेम्पोवाले, एक खानावळवाला. ज्याला पैशांची घाई तो सगळ्यात कमी रकमेत उचलतो, उरलेले सगळ्यांत वाटले जातात. चांगल्या दिवसांत भिशी नव्वद-एक्क्याण्णव हजारांना जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये टूल री-शार्पनिंगवाल्यानं ती शहात्तर हजारांना उचलली. लाखासाठी चोवीस हजार सोडले! त्या महिन्यात आमच्या वाट्याला बाराशेच्या आसपास आले, पण कुणी हसलं नाही. पुढच्या लिलावात आपण असू शकतो हे प्रत्येकाला दिसत होतं.

तरीही गाव बसलं नाही. याचं श्रेय, माझ्या मते, उद्योगाला नाही, गोठ्याला आहे. माझे अकरापैकी आठ जण आसपासच्या खेड्यांतले. घरी अर्धा-एक एकर ऊस आणि एक-दोन म्हशी. उसाचं बिल वर्षाकाठी, पण दुधाचं दर दहा दिवसांनी. ओटी बंद झाली तेव्हा माझा एक ऑपरेटर म्हणाला, "काय करायचं मालक, म्हसच चालवतीया घर." २०१९ च्या त्याच ऑगस्टात पंचगंगेचा महापूर आला, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता, नदीकाठचा ऊस कुजला. तेव्हाही ज्यांची जनावरं वाचली ती घरं लवकर सावरली. भोसरी-चाकणला खोली भाड्यानं घेऊन राहणाऱ्या पोराकडे ही दुसरी बाजू नसते. शिफ्ट तुटली की त्याचं भाडं थकतं, मग मेस, मग तो गावाकडची एसटी धरतो. २०२० मध्ये तेच इथल्या परप्रांतीय कामगारांचं झालं. मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटल्या आणि फौंड्र्यांत मोल्डिंगला माणूस उरला नाही. दूध संकलन मात्र लॉकडाऊनमध्येही थांबलं नव्हतं.

पण याचे फार गोडवे गाऊ नका. "घरी म्हस आहे न्हवं, महिनाभर थांब की" असं आम्ही मालक लोक किती सहज म्हणतो, हे मी स्वतः म्हणून बघितलंय. म्हणजे कंपनीची मंदी शेवटी झिरपली कुठं, तर पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या त्याच्या बायकोच्या अंगावर. तिला ना पगार ना ओटी. त्या वर्षी दोघांनी म्हशी विकल्या, तेही पडत्या भावात, कारण विकणारेच जास्त होते. आधाराची म्हैस एकदा गेली की पुढच्या फटक्याला काहीच उरत नाही.

सावरणंही मागच्या दारानं आलं. लॉकडाऊन उठल्यावर ट्रकच्या आधी ट्रॅक्टर चालायला लागला. पाऊस बरा, पिकं बरी, खेड्यात खरेदी सुरू. आमच्या फौंड्रीनं ट्रॅक्टरचं एक कास्टिंग माझ्याकडे मशीनिंगला पाठवलं. त्यासाठी फिक्श्चर, म्हणजे मशीनवर नग धरून ठेवणारी चौकट, बदलायला मला पैसे हवे होते. तेव्हा भिशी मीच उचलली, अठ्ठ्याऐंशीला.