घरी पहिली अँटेना: गच्चीवर व्हर्टिकल की मागच्या मोकळ्या जागेत वायर?

तुमचा प्रश्न असा: हॅम रेडिओचा परवाना हातात आलाय, ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) आणि २ मीटर (१४५ मेगाहर्ट्झ) या दोन्ही बँडवर यायचंय. एका जाणत्याने 'रेडियल न लागणारी, एसडब्ल्यूआर १.१ च्या आत राहणारी' तयार व्हर्टिकल घ्यायला सांगितलंय. (व्हर्टिकल म्हणजे उभी अँटेना, रेडियल म्हणजे तिच्या पायापासून चहूकडे पसरलेल्या वायरी, एसडब्ल्यूआर म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी.) तर ती गच्चीवर लावावी की मागच्या मोकळ्या जागेत?

ती घेऊच नका. मागे मोकळी जागा आहे ना, मग तिथे ४० मीटरचा साधा वायर डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची वायर) टांगा, घरापासून जमेल तितका लांब, आणि वाचलेले पैसे चांगल्या कोॲक्सवर (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर) घाला. खरं तर उत्तर इथे संपलं. पण 'रेडियल नकोत, एसडब्ल्यूआर १.१' हे मी इतक्यांदा ऐकलंय आणि त्यावरून इतका भांडलोय, की आता तुम्हाला सगळं ऐकून घ्यावं लागेल.

आमच्या गटात एक ज्येष्ठ आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मोर्स असा पाठवतात की नुसतं ऐकत बसावं. पण अँटेनाच्या बाबतीत त्यांचा देव एकच, एसडब्ल्यूआर मीटर. काटा पडून राहिला की अँटेना उत्तम, काटा उठला की अँटेना बाद. त्यापलीकडे चर्चा नाही.

माझ्याकडे तेव्हा दोन अँटेना होत्या. एक डायपोल. दुसरी घरी केलेली व्हर्टिकल: साधारण ५ मीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप, मध्यावर लोडिंग कॉइल (तोकडेपणा भरून काढणारी), पायाशी जमिनीत एक रॉड आणि दोन-चार तोकडे रेडियल. ४० मीटरवर पाव तरंगलांबीची पूर्ण व्हर्टिकल १० मीटर उंच होते, म्हणजे ही निम्मीच. एसडब्ल्यूआर मात्र १.१. काकांनी स्वतः मीटर लावून बघितलं. बँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा फारसा हलेना. एकदम खूश. "बघ, याला म्हणतात अँटेना."

मला तो न हलणारा काटाच खटकत होता. कॉइल घालून कशीबशी रेझोनन्सला आणलेली तोकडी अँटेना अरुंद असायला हवी. फ्रिक्वेन्सी थोडी सरकवली की एसडब्ल्यूआर चढायलाच हवा. तो सपाट राहतोय म्हणजे मध्ये कुठेतरी रेझिस्टन्स बसलाय आणि पॉवर खातोय. पायाशी दोन-चारच रेडियल असताना तो कुठे असणार? मुख्यतः जमिनीत.

हिशोब करून बघा. अशा व्हर्टिकलचा रेडिएशन रेझिस्टन्स (रेझिस्टन्सचा जो भाग पॉवर हवेत सोडतो तो) १२ ओहमच्या आसपास धरा. केबल ५० ओहमची आणि एसडब्ल्यूआर १ च्या जवळ, म्हणजे मीटर म्हणतोय फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) ५० ओहम आहेत. मग उरलेले ३८ ओहम कॉइलचे आणि मातीचे. १०० वॅट सोडले तर २४ हवेत जातात आणि ७६ माती तापवण्यात. एसडब्ल्यूआर मात्र देखणा.

मी रेडियल टाकायला घेतले. जुन्या केबलमधून सोलून काढलेली वायर, जमेल त्या दिशेला, जमेल तेवढी लांब. जमिनीवर पसरलेल्या रेडियलची लांबी काटेकोर लागत नाही, संख्या लागते. (उंचावर लावायचे असतील तर ते मापून, पाव तरंगाचे कापावे लागतात.) जसजसे रेडियल वाढत गेले तसतसा एसडब्ल्यूआर चढत गेला आणि शेवटी २ वर थांबला. काका आले, मीटर लावला आणि म्हणाले, "चांगली चाललेली अँटेना बिघडवलीस. काढ ते सगळं."

मी काढलं नाही. फीडपॉइंट ५० वरून २५ ओहमवर आला होता. रेडिएशनचे १२ तेवढेच राहिले आणि तोटा ३८ वरून १३ वर उतरला. १०० पैकी ४८ वॅट हवेत, म्हणजे दुप्पट, म्हणजे ३ डीबी. एसडब्ल्यूआर २ झाल्यामुळे ७ मेगाहर्ट्झला माझ्या २० मीटर केबलमध्ये जो जादा तोटा होत होता तो पाव डीबीसुद्धा नव्हता. हे त्यांना कागदावर मांडून दाखवलं. "कागदावर क्यूएसओ (हवेवरचं संभाषण) होत नाही," म्हणाले.

बरं, मग हवेतच बघू. आधी आणि नंतर कुणाकडून रिपोर्ट मागून काही सिद्ध होत नाही, कारण आयनोस्फिअर (सिग्नल परत खाली वळवणारा आकाशातला थर) पाच मिनिटांत एस ९ चा एस ६ (सिग्नलच्या जोराचे आकडे) करून ठेवतो. म्हणून सगळा वेळ मी डायपोलला हात लावला नव्हता, तुलनेला तोच. मापायला डब्ल्यूएसपीआर घेतलं. नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ मध्ये काढलेला हा मोड: दोन-दोन मिनिटांची पाळी, अगदी कमी पॉवर, आणि तुम्हाला ऐकणारं प्रत्येक स्टेशन सिग्नल-नॉइजचा आकडा डीबीत नोंदवतं. एक पाळी डायपोलवर, पुढची व्हर्टिकलवर, आणि दोन्ही ऐकणाऱ्या स्टेशनांच्या आकड्यांतला फरक. रेडियल टाकण्याआधी हे करून ठेवलं होतं, नंतर पुन्हा केलं. डायपोलच्या तुलनेत व्हर्टिकल सरासरी ३ डीबीच्या आसपास वर आली. कागदाने सांगितलं तेच हवेने सांगितलं.

काका म्हणाले, ते कॉम्प्युटरचे आकडे.

पुढे मी पाइप किंचित आखूड केला, पायाशी जुळणीसाठी शंट कॉइल लावली आणि एसडब्ल्यूआर पुन्हा १.१ वर आणला, रेडियल तसेच ठेवून. त्यावर "आता कशी बरोबर झाली!" आणि आजतागायत काका गटात सांगतात, "मी टोकल्यावर याने अँटेना सुधारली." त्या ३८ ओहमांबद्दल चकार शब्द नाही.

डमी लोडचा (अँटेनाच्या जागी जोडायच्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर १:१ असतो हो, आणि त्याच्यावरून शेजारच्या गल्लीतही कुणी ऐकत नाही. केबल लांब आणि पातळ असेल तर शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) मीटर आणखीच गोड बोलतो, कारण परत येणारी पॉवर वाटेतच जिरते. पाइपातून पाणी उलटं येत नाही म्हणून झाडाला पोचलंच असं धरून चालण्यातला प्रकार. 'रेडियल लागत नाहीत' असं छापलेल्या ४० मीटरच्या तोकड्या व्हर्टिकलमध्ये रेडियलचं काम दुसरं कुणीतरी करत असतं. बहुतेक वेळा तुमच्या कोॲक्सची बाहेरची जाळी. अर्ध्या तरंगलांबीच्या व्हर्टिकलला रेडियलची गरज खरंच फार कमी असते, पण ४० मीटरवर ती २० मीटर उंच होईल. तेवढा खांब असेल तर मला बोलवा.

आता तुमच्या जागेचं. अँटेना निवडण्याआधी बॅटरीवर चालणारा एक छोटा एएम रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मधे रिकाम्या जागी लावा आणि घरभर, गच्चीवर, मागच्या बाजूला फिरा. एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर, टीव्हीचा ॲडॉप्टर, काय काय खरखरतंय ते ऐका. जिथे खरखर सगळ्यात कमी तिथे अँटेना. तुमची पॉवर समोरचा ऐकेल, पण तुमच्याकडे नॉइज एस ७ असेल तर त्याचं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही. गच्ची उंच असली तरी खालच्या सगळ्या वायरिंगच्या डोक्यावर असते. म्हणून एचएफसाठी (४० मीटरसारख्या बँडसाठी) मी गच्चीपेक्षा मागची जागा घेईन, थोडी उंची गेली तरी.

डायपोलची लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ ला साधारण २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०. थोडी जास्तच कापा आणि मग छाटत या, कारण पीव्हीसी आवरणाची वायर नेहमी हिशोबापेक्षा खाली रेझोनेट होते. सरळ टांगायला दोन खांब नसतील तर एकच खांब, मध्य ८-१० मीटरवर आणि टोकं उतरती. दोन बाजूंमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर, तिथे पॉवर असताना चांगलंच व्होल्टेज असतं. हाच डायपोल २१ मेगाहर्ट्झलाही बऱ्यापैकी चालून जातो. फीडपॉइंटला चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी गुंडाळी) हवाच: मिक्स ३१ या फेराइटच्या मोठ्या टोरॉइडवर (कड्यावर) कोॲक्सचे दहा-बारा वेढे. तो नसेल तर केबलची जाळी घरातला नॉइज उचलून अँटेनापर्यंत पोचवते आणि तुम्ही उगाच जागेला दोष देत बसता. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा. पाणी एकदा कोॲक्समध्ये शिरलं की ती केबल गेली.

२ मीटरसाठी उलट. तिथे उंचीच सगळं काही, तेव्हा गच्ची. रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारी स्टेशनं) व्हर्टिकल पोलरायझेशनवर असतात, म्हणून अँटेना उभीच. ४९ सेंटिमीटरची एक काडी आणि खाली ४५ अंशांत झुकवलेल्या चार काड्या, पहिल्या अँटेनाला एवढं पुरतं. (हो, इथेही रेडियल.) केबल मात्र आरजी-५८ घेऊ नका. १४५ मेगाहर्ट्झला तिच्या २० मीटरमध्ये ४ डीबीच्या आसपास जातात, म्हणजे अर्ध्याहून जास्त पॉवर वाटेतच संपते. आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली.

एक गोष्ट काकांच्या बाजूने. ८-१० मीटरवरचा ४० मीटरचा डायपोल बराचसा वर आकाशाकडे फेकतो. काहीशे किलोमीटरपर्यंत तो झकास, दूरच्या डीएक्सला तितका नाही. लांबच्या स्टेशनांवर ती व्हर्टिकल, रेडियल टाकल्यानंतर, माझ्या डायपोलला कित्येकदा मागे टाकायची. समुद्रकाठी राहत असाल तर मी वर लिहिलेलं बरंचसं उलटं धरा, खाऱ्या पाण्यालगत व्हर्टिकलसारखी अँटेना नाही. आणि मागची जागा २० मीटर लांब नसेल तर डायपोलची टोकं खाली वळवली तरी चालतात, फार बिघडत नाही.

विजेच्या तारा जवळून जात असतील तर यातलं काहीही करण्याआधी त्या बघा. खांब कोणत्याही बाजूला पडला तरी तो किंवा त्याची वायर तारेपर्यंत पोचता कामा नये. जागा तेवढी नसेल तर खांब छोटा करा, 'पडणार नाही' या भरवशावर उभा करू नका. विजेच्या कडकडाटात कोॲक्स रिगपासून (रेडिओपासून) काढून घराबाहेर, आणि केबल घरात शिरते तिथे अर्थिंग.

मागच्या जागेची लांबी-रुंदी, तारा कुठून जातात आणि शॅकपर्यंत केबल किती मीटर लागेल एवढं लिहा. आणि तो एएम रेडिओ घेऊन फिरल्यावर सगळ्यात शांत कोपरा कुठला निघाला तेही.