फुलं नोंदवली, बिळं राहिली

प्रश्न : वस्तीतल्या चाळीसेक जणांनी मिळून आम्ही फुलझाडांचा नकाशा केला. मोकळ्या जागी शोभेची रोपं लावली, पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं. वर्ष झालं तरी माश्या, फुलपाखरं वाढलेली दिसत नाहीत. काय चुकलं?

उत्तर : तुम्ही त्यांचं खाणं नोंदवलंत, घरं राहून गेली. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक पोळं न करता एकएकट्या राहतात आणि बऱ्याचशा जमिनीत बीळ करतात. पेन्सिल जेमतेम शिरेल एवढं भोक, भोवती चाळल्यासारख्या मातीचा छोटा ढीग. मुंग्यांचं वारूळ समजून आपण त्यावर पाय देऊन जातो. ऊन असताना जवळ दहा मिनिटं शांत बसा. पायांना पिवळे पराग माखलेली माशी आत शिरताना दिसली, की शंका उरत नाही. अशीच उघडी माती तुमच्या आच्छादनाखाली गेली असणार. उन्हाची, पाणी न साचणारी एक-दोन चौरस मीटर जागा उघडी करा आणि तिथे खणू नका.

आता नकाशावर आणखी खुणा करा : उघडी माती, वाळलेलं लाकूड, पोकळ काड्या, आणि फवारणी कुठे, कधी होते ते. ही शेवटची माहिती माळ्याला आणि शेजारच्या शेतकऱ्यालाच असते, म्हणून त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या. फुलांपुढे बहराचे महिने लिहा. ज्या महिन्यांत काहीच फुलत नाही, तेव्हा फुलणारी स्थानिक झाडं आधी लावा. भरगच्च पाकळ्यांची शोभेची फुलं टाळा. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग जवळजवळ मिळत नाहीत.

मोजणीसाठी ५० सेंमी बाजूची चौकट पुरे. कोरड्या, उन्हाच्या, कमी वाऱ्याच्या वेळी १० मिनिटं तिच्यातल्या फुलांवर बसणारे कीटक मोजा आणि फुलंही मोजा. जात ओळखू येत नसेल तर मधमाशी, इतर माशी, फुलपाखरू, भुंगेरा एवढे गट चालतील. दर महिन्याला जागा तीच ठेवा. एकही कीटक आला नाही तर शून्य लिहाच. लोक नेमकं तेच गाळतात आणि मग सगळीकडे आबादीआबाद दिसते!

प्रश्न : माश्यांसाठी भोकं पाडलेले ओंडके टांगावेत का?

उत्तर : जरूर, पण लहान आणि बरेच. एकाच मोठ्या चौकटीत शेकडो भोकं असली की परजीवी आणि बुरशी झपाट्याने पसरतात. भोकं ३ ते १० मिमी रुंद, १५ सेंमीपर्यंत खोल, मागून बंद आणि आतून गुळगुळीत हवीत. कुसळांनी पंख फाटतात. प्लॅस्टिकच्या नळ्या वापरू नका, आत ओल धरते. ओंडका हलणार नाही असा घट्ट बांधा, वर पावसाला आडोसा द्या. पिल्लं बाहेर पडली की जुने ओंडके काढून नवे लावा.